दगडी कमानी, घाटातली पटकी आणि जेम्स बर्कले

राजूर, शेंडी, भंडारदरा भागातला माणूस मुंबईला निघाला की बहुतेक वेळा घोटी किंवा इगतपुरी गाठतो आणि रेल्वेने कसारा घाट उतरतो. बोगदे येतात-जातात, दऱ्यांवरच्या पुलांवरून गाडी सावकाश सरकते आणि थोड्या वेळात कोकणातली दमट हवा लागते. हा मार्ग आखला त्या वेळी अशा चढाचा रेल्वेमार्ग जगात फार थोड्या ठिकाणी होता. तो आखणाऱ्या अभियंत्याचे नाव जेम्स जॉन बर्कले. मुंबई–ठाणे ही पहिली आगगाडी, ठाण्याच्या खाडीवरचा पूल, बोरघाट आणि थळघाट (म्हणजे आजचा कसारा घाट) या सगळ्या कामांचे ते मुख्य अभियंता होते. घाटातून गाडी जाताना पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. वयाच्या ४२ व्या वर्षी ते वारले. त्यांच्या आराखड्यावर राबणारे असंख्य मजूर त्याआधीच पटकीने आणि हिवतापाने घाटातच संपले होते.

लंडन ते मुंबई

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनच्या होलोवे भागात झाला. शिक्षण किंग्ज कॉलेजात झाले. पुढे त्यांनी एका अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १८३९ च्या सुमारास ते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याकडे दाखल झाले. वाफेच्या इंजिनाला व्यवहारात आणणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे हे चिरंजीव त्या काळी इंग्लंडमधले सर्वांत नावाजलेले रेल्वे अभियंता होते. गुरू-शिष्याचे हे नाते पुढे मैत्रीत बदलले आणि अखेरपर्यंत टिकले.

१८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी कंपनी, कायद्याने स्थापन झाली. स्टीफन्सन तिचे सल्लागार अभियंता होते. त्यांच्या शिफारशीवरून तिशीतल्या बर्कले यांची मुंबईत मुख्य अभियंता म्हणून नेमणूक झाली आणि फेब्रुवारी १८५० मध्ये ते मुंबईत उतरले. कंपनीच्या मुंबईतल्या कारभारात जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखी वजनदार माणसे होती. बर्कले यांनी हाताशी आलेले काम मोठ्या गोऱ्या ठेकेदारांपुरते ठेवले नाही. लहान लहान तुकड्यांचे ठेके त्यांनी इथल्या ठेकेदारांनाही मिळू दिले. त्यांतले पारशी ठेकेदार जमशेटजी दोराबजी यांनी पुढे जीआयपीची अनेक कामे नावाजण्यासारखी केली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन पहिली गाडी ठाण्याला गेली. अंतर होते ३४ किलोमीटर. वर्षभराने, १ मे १८५४ रोजी, ती खाडी ओलांडून कल्याणपर्यंत पोहोचली. त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर दगडी कमानींचे पूल बांधण्यात आले होते आणि गलबतांना जाता यावे म्हणून मधे लोखंडी गाळा ठेवला होता. देशातल्या रेल्वेच्या पहिल्या मोठ्या पुलांमध्ये त्यांची गणना होते.

माळशेज की बोर आणि थळ?

खरी परीक्षा पुढे होती. कल्याणपर्यंतची जमीन सपाट होती, त्यापुढे सह्याद्रीचा कडा उभा होता. कापूस पिकवणारा वऱ्हाड-खानदेश आणि पुणे-सोलापूरचा मुलूख कड्याच्या वरच्या अंगाला होता. घाट चढल्याशिवाय रेल्वेला कमाई नव्हती.

सुरुवातीच्या योजनेत एकाच घाटाने वर जायचे आणि तिथून दोन फाटे काढायचे असे ठरले होते. तो घाट होता माळशेज. हरिश्चंद्रगडाच्या शेजारचा हा घाट. ही योजना टिकली असती तर रेल्वे आज अकोले तालुक्याच्या उशापायथ्याशी असती. बर्कले यांनी प्रत्यक्ष पाहणी करून घेतली आणि माळशेजचा नाद सोडायला लावला. त्याऐवजी पुण्याकडे बोरघाटातून आणि नाशिककडे थळघाटातून असे दोन स्वतंत्र मार्ग त्यांनी सुचवले. ते मान्य झाले. या मोजणीसाठी माणसांना कड्यांच्या तोंडाशी, जिथे पाऊलवाटही नव्हती तिथे, महिनोन् महिने काम करावे लागले.

बोरघाटातला मार्ग सुमारे २५ किलोमीटर लांब आणि चढ १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर. त्यावर २५ बोगदे आणि दऱ्या ओलांडणारे ८ मोठे पूल. थळघाटाचा मार्ग सुमारे १५ किलोमीटर, चढ ९७२ फूट, १३ बोगदे आणि ६ मोठे पूल. दोन्ही ठिकाणी सर्वांत कडक चढ ३७ ला १ इतका, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, म्हणून आगगाडीला एवढा चढही जड जातो. जिथे वळण घ्यायला डोंगरात जागाच नव्हती तिथे बर्कले यांनी गाडी एका टोकाला थांबवून, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडून, उलट दिशेने वर काढण्याची युक्ती वापरली. दोन्ही घाटांत अशी उलटफेर स्थानके होती. पुढे नवे मार्ग काढल्यावर ती बंद झाली.

दगडी कमान उभी कशी राहते?

दरीवरच्या अशा अनेक गाळ्यांच्या उंच पुलाला इंग्रजीत व्हायाडक्ट म्हणतात. बर्कले यांच्या वेळी लोखंडी तुळया विलायतेतून जहाजाने आणाव्या लागत आणि त्या महाग पडत. दगड मात्र जागेवरच होता. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. त्याचा काळा पाषाण कठीण आणि टिकाऊ असतो. कळसूबाई-रतनगडाच्या अंगावर जे आडवे पट्टे दिसतात, तेच थर बोरघाटात आणि थळघाटातही आहेत.

दगडाचा एक गुण आणि एक दोष असतो. दाबला तर तो प्रचंड वजन पेलतो, ताणला तर मात्र लवकर फुटतो. कमान या गुणाचा उपयोग करून घेते. वरून आलेले वजन प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर दाबून पुढे सरकवतो आणि ते दोन्ही बाजूंच्या खांबांवाटे जमिनीत उतरते. आधी लाकडी सांगाडा उभारून त्यावर दोन्हीकडून घडीव दगड रचत आणायचे, माथ्यावर कळीचा दगड बसवायचा, चुना घट्ट झाला की सांगाडा काढायचा, अशी ही रीत. दगडांच्या मधला चुना घाणीत मळलेला असे. तो सावकाश आवळतो. घट्ट होण्याआधी पावसाने धुतला गेला तर सांधे पोकळ राहतात.

म्हणून घाटातल्या कामाचे वेळापत्रक पावसाने ठरवले. जून ते सप्टेंबर बांधकाम जवळपास ठप्प. उरलेल्या आठ महिन्यांत सगळे उरकायचे. थळघाटातल्या एहेगावच्या पुलाला दरीच इतकी खोल होती की तिथे उंच दगडी खांबांवर लोखंडी तुळया टाकाव्या लागल्या आणि दोन्ही टोकांना दगडी कमानी ठेवल्या. दरीच्या तळापासून त्याची उंची ५५ मीटरच्या आसपास आहे.

घाटातली माणसे

बोरघाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी सुमारे १०,००० मजूर होते. पुढच्या वर्षी संख्या दुप्पट झाली आणि जानेवारी १८६१ मध्ये ती ४२,००० वर गेली. त्या काळच्या एखाद्या मोठ्या शहराएवढी ही वस्ती कड्याच्या अंगावर झोपड्या घालून राहत होती. कोकणातून आणि देशावरून आलेली कुटुंबे, पाथरवट, गवंडी, वडार, बायका आणि मुलेही. पुरुष सुरुंगाची भोके पाडत, बायका-मुले दगडमाती वाहत आणि त्यांना मजुरी कमी मिळे. काही ठिकाणी माणसांना कड्यावरून दोराने खाली सोडून पहारीने भोके पाडावी लागत. सुरुंग बंदुकीच्या दारूचा. बार उडाला की कोसळणाऱ्या दरडीखाली माणसे सापडत.

पगारही वेळेवर मिळत नव्हता. मुख्य ठेकेदार, त्याखाली पोटठेकेदार, त्याखाली मुकादम अशी उतरंड होती आणि पैसा वरून खाली येताना अडकत असे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून खंडाळ्याच्या बाजूला मजुरांनी दंगा केला. त्यानंतर लवकरच ठेकेदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ च्या अखेरीस मुंबईत पोहोचले आणि काही आठवड्यांतच आजाराने वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी माघारी न जाता ठेका आपल्या हाती घेतला, दोन अनुभवी अभियंत्यांना कारभारी नेमले आणि काम शेवटास नेले.

ठेकेदारासारखा खाऊनपिऊन सुखी माणूस काही आठवड्यांत जातो, तर झोपडीतल्या मजुराचे काय होत असेल? घाटातल्या वस्त्यांत पटकीच्या साथी येत. साथ आली की शेकडो माणसे काम टाकून गावाकडे पळत आणि रोगही सोबत नेत. उरलेली माणसे मरीआईला नारळ-कोंबडे वाहत. गोऱ्या डॉक्टरांकडेही याहून फार काही नव्हते. ते रोग्याला पाऱ्याचे औषध आणि अफू देत, कधी रक्त काढत. आधीच पाणी गेलेल्या शरीरातून रक्त काढल्यावर रोगी लवकर दगावे.

पाणी आणि पटकी

पटकीचा जंतू दूषित पाण्यावाटे पोटात जातो. काही तासांपासून पाच दिवसांत तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात. जंतूच्या विषामुळे आतड्याच्या पेशी शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर ओततात. दिवसाला १० ते २० लिटर पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात, नाडी लागत नाही. उपचार झाला नाही तर गंभीर रोग्यांपैकी निम्मे मरतात आणि तेही एका दिवसाच्या आत.

आता घाटातली वस्ती डोळ्यांपुढे आणावी. हजारो माणसे, संडास नाही, उतार एकाच दिशेने आणि खाली एकच झरा. उन्हाळ्यात झरे आटत आणि राहिलेल्या डबक्यावर सगळ्यांची घागर पडे. एक रोगी पुरेसा होता.

मार्च ते मे कामाला सर्वांत सोयीचे महिने होते आणि पाण्याला सर्वांत वाईट. पावसाळा सरल्यावर नव्याने माणसे भरती होत, तो काळ हिवतापाचा. दगडाच्या खाणी, भरावासाठी खणलेले खड्डे आणि घाटातले संथ झरे ही ॲनाफिलीस डासांची पैदाशीची जागा. देशावरून आलेल्या माणसाच्या अंगात कोकणातल्या हिवतापाची प्रतिकारशक्ती नसे. कोयनेल म्हणजे क्विनीन उपलब्ध होते, पण ते महाग होते आणि मजुराच्या झोपडीपर्यंत पोहोचत नसे.

रोगाचे कारण ठाऊक नव्हते असे मात्र पूर्णपणे म्हणता येत नाही. ठाण्याच्या खाडीवरून पहिली गाडी गेली त्याच १८५४ सालच्या सप्टेंबरात लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झाल्याचे दाखवले आणि त्या पंपाचा दांडा काढायला लावला. त्याच वर्षी इटलीत फिलिप्पो पाचिनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पटकीचा जंतू पाहिला. त्याआधी १८३२ मध्ये थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरने मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेत मीठपाणी सोडून काहींना वाचवले होते. तिघांचेही म्हणणे बहुतेक वैद्यकीय जगाने बाजूला ठेवले. रोग दुर्गंधीयुक्त हवेतून येतो हाच समज कायम राहिला. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्याच्या तळ्यातल्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला, तेव्हा घाटातून गाड्या धावू लागून वीस वर्षे झाली होती. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडायला तर १८९७ साल उजाडावे लागले.

बर्कले यांचा शेवट

बर्कले घाटात आणि मुंबईत अकरा वर्षे राबले. डिसेंबर १८५७ मध्ये त्यांनी मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये बोरघाटाच्या कामावर निबंध वाचला. १८६० मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे भारतातल्या रेल्वेवर त्यांचा सविस्तर निबंध मांडला गेला. काम आणि हवामान या दोहोंनी त्यांची प्रकृती खचत गेली. एप्रिल १८६१ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळच्या सिडनहॅम इथे त्यांचे निधन झाले.

त्या काळातल्या मोठ्या रेल्वे अभियंत्यांना दीर्घायुष्य क्वचितच लाभले. इझाम्बार्ड ब्रुनेल ५३ व्या वर्षी गेले, बर्कले यांचे गुरू रॉबर्ट स्टीफन्सन आणि त्यांचे समकालीन जोसेफ लॉक दोघेही ५५ व्या वर्षी. अखंड प्रवास, अपुरी झोप, सततची चिंता आणि तंबाखू यांचा हिशोब शरीर मांडतच असते. बर्कले यांच्या बाबतीत उष्ण कटिबंधातल्या तापांची भर पडली.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बोरघाटाचा मार्ग खुला केला. तोवर खालून आलेल्या प्रवाशांना घाटाचा टप्पा पालखी, तट्टू किंवा गाडीने चढून वर पुन्हा आगगाडी धरावी लागे. १ जानेवारी १८६५ रोजी थळघाट चढून गाडी इगतपुरीला पोहोचली. मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीच्या परीक्षेसाठी जेम्स बर्कले यांच्या नावाचे सुवर्णपदक सुरू झाले.

वरून घडीव, आतून पोकळ

कथा इथे संपत नाही. १९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात, बोरघाटातला माऊ की माळी हा आठ कमानींचा दगडी पूल कोसळला. तो खुला होऊन चार वर्षेच झाली होती. चौकशीत बोट बांधकामाकडे गेले. बाहेरून खांब घडीव दगडांचे आणि देखणे होते. आतला गाभा मात्र डबर आणि कमजोर चुन्याने भरलेला होता. बाहेरच्या दगडी सालीला गाभ्याशी बांधून ठेवणारे, आत खोलवर जाणारे लांब दगड पुरेसे नव्हते. पावसाचे पाणी आत मुरले, गाभा बसला, वजन बाहेरच्या सालीवर आले आणि ती फाकली. जीआयपीच्या इतर अनेक दगडी पुलांतही असेच दोष सापडले आणि ते पुन्हा बांधावे लागले.

अभियंत्यांनी यातून धडा घेतला. चुन्याची परीक्षा, गाभ्याची तपासणी, देखरेखीच्या पद्धती बदलल्या. पडलेल्या पुलाची कमान न कमान मोजली गेली, कारण शोधले गेले, दुरुस्ती झाली. त्याच घाटात माणसे पडली त्यांची तशी मोजदाद झाली नाही. बोगदे २५, पूल ८, चढ ५५८ मीटर हे आकडे आजही नेमके सांगता येतात. पटकीने गेलेल्या मजुरांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. बर्कले यांना पाण्याचा दगडावर होणारा परिणाम चांगला ठाऊक होता, म्हणून त्यांनी नाले, मोऱ्या आणि बांधकामाचा हंगाम नीट ठरवला. तेच पाणी माणसाच्या पोटात गेल्यावर काय करते हे लंडनमध्ये एका डॉक्टरने सांगितले होते. ते ज्ञान घाटापर्यंत पोहोचले नाही.

आज घाटात काम निघाले तर

आज पटकीवर उपाय सोपा आहे. जगाने तो मोठ्या प्रमाणावर पाहिला १९७१ मध्ये. बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो रोगी वाचवले. साखरेबरोबर मीठ आणि पाणी आतड्यातून पुन्हा शोषले जाते, हे त्यामागचे शास्त्र. दवाखान्यातली ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तम. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळून घोट घोट पाजत राहावे आणि रोग्याला दवाखान्यात हलवावे. योग्य उपचार वेळेवर मिळाला तर शंभरात एखादाही रोगी दगावत नाही.

अकोले तालुक्यातून दर वर्षी दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. बांधकामावर, रस्त्यावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीला. त्यांच्या पालांची मांडणी पाहिली तर १६० वर्षांपूर्वीच्या घाटातल्या वस्तीहून ती कधी कधी फार वेगळी नसते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, संडास आणि राहण्याची सोय करणे मालकावर बंधनकारक केले. पाण्याची टाकी वस्तीच्या वरच्या अंगाला आणि संडास खालच्या अंगाला, पाण्यात क्लोरीन, खड्ड्यांत पाणी साचू न देणे, थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी, रात्री मच्छरदाणी, एवढ्या गोष्टी पुरेशा आहेत. यांतली एकही गोष्ट पूल बांधण्याइतकी अवघड किंवा महाग नाही. आपल्या गावातून टोळी निघते तेव्हा मुकादमाशी उचलीचा सौदा ठरवताना पाण्याची आणि संडासाची अटही त्याच बैठकीत घालावी, आणि निघण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून ओआरएसच्या पुड्या मागून घ्याव्यात.